स्टेज रिकामा, टेप चालू. याला 'लाइव्ह' म्हणायचं?

ड्रमर_बंड्या:
काल रात्री क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा 'लाइव्ह किलर्स' परत ऐकला आणि डोकं फिरलं. १९७९चा अल्बम, नावातच 'लाइव्ह', आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गाण्यात मधला अनेक आवाजांचा ऑपेरा आला की सरळ स्टुडिओतली टेप! चौघेही स्टेजवरून गायब. आपल्याकडे गणपतीत एखादी गायिका ट्रॅकवर ओठ हलवताना सापडली तर तिची धिंड काढतो. यांनी केलं की रॉकचे बादशहा. स्टेजवर गाता येत नाही ते गाऊ नये, एवढं साधं आहे.

फरुखपंथी:
बंड्याभाऊ, ऑफिसचं काम बाजूला ठेवून लिहितोय, इतकी चिडचिड झालीय.

त्या ऑपेऱ्यात गळे तीनच. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. तेच आवाज एकावर एक चढवत तीन आठवडे घासलेत. टेप इतक्या वेळा फिरली की थर झिजून आरपार दिसायला लागली, असा किस्सा सांगतात. हे तिघांनी स्टेजवर पियानो, गिटार, ड्रम सांभाळून कसं गायचं, ते तूच सांग. तू ड्रमर आहेस ना?

आणि तुझा तोडगा त्यांनी आधीच करून पाहिलाय. २४ डिसेंबर १९७५, हॅमरस्मिथ ओडियन. रेकॉर्डिंग काढ. गाणं येऊन दोन महिने झालेले, इंग्लंडात एक नंबरवर, आणि यांनी ते मधूनच तोडलंय! संथ भाग संपला की 'किलर क्वीन', मग 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन', आणि मग ऱ्हॅप्सडीचं शेपूट. ऑपेरा गाळलेला. लोक ज्यासाठी आले तेच नाही. पुढे १९७७पासून सबंध गाणं घ्यायला लागले, टेपसकट.

टेप लागली की ते निघून जायचे. दिवे नाचतायत, स्टेज मोकळा. माइकसमोर उभं राहून गाण्याचं सोंग कुणी केलं नाही. रॉजरचा तो गगनाला भिडणारा शेवटचा सूर आला की भक्कन उजेड, चौघे हजर, आणि ब्रायनची गिटार खरीखुरी. तुझ्या गणपतीतल्या बाईंनी ओठ हलवले, यांनी पाठ फिरवली. काही फरक?

ड्रमर_बंड्या:
वा! उद्या भटजी मोबाइलवर मंगलाष्टकं लावून चहाला गेले तर त्यांनाही प्रामाणिक म्हणू. आणि लाइव्ह एड, त्या मदतनिधीच्या कार्यक्रमाचं काय? १३ जुलै १९८५, वेम्ब्ली, सगळं जग बघतंय. पियानोवर सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि लगेच 'रेडिओ गा गा'. तिथे टेप लावायची छाती झाली नाही.

घड्याळजी:
वीसेक मिनिटं होती हो प्रत्येकाला. सहा मिनिटांचं गाणं सबंध घेऊन बाकी काय वाजवायचं होतं? क्वीनवरचा सिनेमा बघून आलेल्या पोस्टी लगेच कळतात.

ड्रमर_बंड्या:
सिनेमा पाहिलेला नाही. असो.

पाचगणीकर:
फ्रेडीबद्दल भांडताय म्हणून सांगतो, हा फरुख बलसारा झांझिबारहून आठव्या वर्षी आमच्याकडे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. शाळेतला त्याचा बँड, 'द हेक्टिक्स', इथलाच. पर्यटकांना याचं काय पडलंय? घोड्यावर बसायचं, स्ट्रॉबेरी क्रीम चापायचं आणि गाडी आमच्या फाटकासमोर आडवी लावायची.

तोडी_आसावरी:
बंड्या, एक विचारू? इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालतो का तुला? तीही टेपच. तिथे कुणी 'लाइव्ह नाही' म्हणून ओरडत नाही.

अप्पा_खुंटीवाले:
विषय काढलातच, तर ऐका. वीस वर्षं गुरुजींच्या मागे तानपुऱ्यावर बसलोय. मागच्या वर्षी एका गावी मैफल होती. आयोजक म्हणाले, गाडीत जागा नाही, ॲपवर भागवा. विलंबित ऐन रंगात आलं, गुरुजी षड्जावर थांबले, आणि तानपुरा बंद! त्या जागी रिंगटोन. कुणाचं तरी पार्सल आलं होतं. गुरुजींनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं की अजून झोपेत दिसतं. ज्यांना हे चालतं त्यांनी शास्त्रीय संगीताच्या गप्पा मारू नयेत.

तोडी_आसावरी:
अप्पा, सकाळी आठच्या विरार लोकलमध्ये तानपुरा घेऊन चढून दाखवा, मग बोलू. एका खोलीत राहते, पहाटे पाचला ॲप बारीक लावून रियाज करते. आणि मागे बसण्याचं कौतुक मला नका सांगू. मी दहा वर्षं बसले. बाईंचं मानधन पाकिटात, माझ्या हातात बाईंना मिळालेला नारळ. 'शिकायला मिळतंय ना' हे वर. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी निदान फुकट राबवून घेतल्याची तक्रार तरी करत नाही!

अप्पा_खुंटीवाले:
नारळाचं खरं आहे. माझ्याकडे तर शालही गुरुजींचीच यायची, धुवायला. पण डबीला कान नसतो, ताई. हॉल तापला की तारा उतरतात, आपण तारेतला मणका सरकवतो. घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा असतो, तो केसभर हलला की स्वर उघडतो. हे कुठलं बटण करतं?

ड्रमर_बंड्या:
माझा धागा क्वीनवर होता!

फरुखपंथी:
घे, क्वीनवर. २० एप्रिल १९९२, वेम्ब्ली, फ्रेडीला श्रद्धांजलीचा कार्यक्रम. त्याला जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. संथ भाग एल्टन जॉनने गायला, शेवटच्या दणक्याला ॲक्सल रोझ धावत आला. मधला ऑपेरा? टेप. म्हणजे त्या गाण्यात फ्रेडी स्वतः गायला तो तेवढाच भाग. त्या दिवशी कोण म्हणेल की टेप काढा?

आणि १ जुलै २०१७, लंडनचं हाइड पार्क. ग्रीन डे हा बँड यायच्या आधी स्पीकरवर हे गाणं लागलं. क्वीनमधलं कुणीच स्टेजवर नाही. ६५ हजार लोक ऑपेऱ्यासकट गायले.

ड्रमर_बंड्या:
आत्ता दोन्ही पाहिले. हाइड पार्कवाले बेसूर आहेत, पण निदान स्वतःच्या गळ्याने गातायत, म्हणजे माझाच मुद्दा. १९९२ची टेप माफ. तेवढी एकच. 'लाइव्ह किलर्स' अजिबात नाही.

फरुखपंथी:
उपकार झाले.

नवखा_७७:
भांडण चालू द्या. अप्पा, आजीचा तानपुरा माळ्यावर पडून आहे, भोपळा शाबूत आहे पण जवारी गेलीय. पुण्याहून मिरजेला न्यावा का?

अप्पा_खुंटीवाले:
मिरजेलाच न्या. तारा सैल करा, आधी गोधडीत गुंडाळा, मग गवसणी घाला. आणि एसटीच्या डिकीत टाकू नका, शेजारच्या सीटचं तिकीट काढा.