मदत हवी आहे: अळीच्या औषधाचं लांब नाव कुठं तोडून म्हणायचं?

आर्णीची_अॅग्रीवाली: उद्या सकाळी शेतीशाळेत बोलायचंय. औषधाचं इंग्रजी नाव आलं की 'ट्रा'वर जीभ अडकते. कुठं तोडू? लवकर सांगा.

कास्तकार_दारव्हा: ताई, कोणतं औषध? तुरीवरचं का कपाशीवरचं? नाव तं लिहा.

आर्णीची_अॅग्रीवाली: कोराजन या ब्रँडमधलं हो! Chlorantraniliprole. सीएचनं सुरू होतं, शेवटी 'प्रोले'.

रसायनवाले_सर: 'प्रोले' नाही, 'प्रोल'. शेवटचा ई मुका आहे, आणि सीएचचा उच्चार 'क'. क्लोर-अॅन-ट्रा-निल-इ-प्रोल, असे सहा तुकडे. जोर 'निल'वर. पाठ शेवटाकडून करा: प्रोल, निलिप्रोल, ट्रानिलिप्रोल, मग पूर्ण. सायअँट्रानिलिप्रोल या दुसऱ्या कीटकनाशकाचं शेपूटही हेच, तेही त्यातच बसेल.

वर्धेकर: सर, हे अँथ्रॅनिलिक आम्लावरून आलं ना? मग 'थ्र' पाहिजे.

रसायनवाले_सर: आम्लात 'थ्र' आहे, औषधाच्या नावात टीनंतरचा एच ठेवलेला नाही. लेबल वाचा.

केंद्रवाला: काऊन एवढी डोकेफोड बाप्पा? कोराजन म्हटलं का लहान पोरगंही समजते.

वऱ्हाडी_नर्स: भाऊ, २०२२ मध्ये पेटंट संपलं, आता तेच औषध कितीतरी नावांनी येते. अन् दुकानात नुसतं 'क्लोर' तं मुळीच म्हणू नका. क्लोरपायरीफॉसही 'क्लोर'च, पण ते ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे वेगळ्याच गटातलं कीटकनाशक. त्याच्या विषबाधेत अॅट्रोपिन हा उतारा देतात, कोराजनवाल्यात ते लागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं गेली. पेशंटसोबत बाटली आणा, नाही तं नाव तरी धड सांगा. ताई, हे उद्या नक्की बोला.

कास्तकार_दारव्हा: तुरीतल्या शेंगा पोखरणाऱ्या अळीले १० लिटरले ३ मिली टाका.

आर्णीची_अॅग्रीवाली: दादा, प्रमाण नाही विचारलं! नर्सताई, बाटलीचं सांगते. सर, शेवटाकडून म्हटलं तर निघालं. पण भरभर बोलताना 'क्लोर-अॅन' की 'क्लोरॅन'?

रसायनवाले_सर: बोलताना 'क्लोरॅन', जोडूनच. फळ्यावर मात्र तुकडे पाडून लिहा अन् सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या.

सेंद्रिय_शेती: यापेक्षा ५ टक्के निंबोळी अर्क शिकवा. त्याचं नाव कोणाले अडत नाही.

केंद्रवाला: अळी मोठी झाल्यावर अर्कानं काय होते?

सेंद्रिय_शेती: मोठी होऊ देताच काऊन? अंडी दिसली का मारा.

कास्तकार_दारव्हा: निंबोळ्या रातभर भिजवाच्या का सकाळीच कुटाच्या?