वेलिगामा की अरुगम बे? दिवाळीत की मे महिन्यात?

कर्वेनगरकर
पुण्याहून आम्ही चौघं ८ दिवस श्रीलंकेला सर्फिंगसाठी जातोय. पांढऱ्या फेसात सगळ्यांना उभं राहता येतं, न फुटलेली हिरवी लाट अजून कुणालाच धरता येत नाही. सुट्टी दिवाळीत मिळेल, नाहीतर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. ॲपवर दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाला मे महिन्यात लाट मोठी दिसते, म्हणून कल तिकडे आहे. आणि '१.२ मी, १४ से, २००°' हे नक्की वाचायचं कसं?

मतलई_वारा
मे महिन्यात वेलिगामा ठरवू नका. लाट मोठी असते हे खरं, पण वारा बिघडवतो. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे तिथे पोचलेले असतात, म्हणजे वारा समुद्राकडून किनाऱ्यावर. तो लाटेला मागून ढकलतो, ती वेळेआधीच ढासळते आणि पाणी नुसतं खळबळतं. हिरवी लाट शिकायला तिचा उतार स्वच्छ दिसावा लागतो, तोच दिसत नाही.

डिसेंबर ते मार्च याच्या उलट. तेव्हा वारा ईशान्येचा, वेलिगामाला तो जमिनीकडून येतो आणि लाटेचं तोंड धरून ठेवतो. पूर्वेच्या अरुगम बेला मे ते सप्टेंबर वारा जमिनीकडून असतो. एकाच बेटाच्या दोन किनाऱ्यांना दोन हंगाम मिळतात ते यामुळे. लाट दोन्हीकडे मुख्यतः दक्षिण महासागरातूनच येते. आधी वारा बघून किनारा निवडा, उंची नंतर.

लाटांचा_हिशोब
आकड्यांबद्दल. १.२ मी ही खोल पाण्यातली उंची, तीही सगळ्यांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून जवळजवळ दुप्पट उंचीची लाट येणारच. २००° म्हणजे स्वेल (दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा) *येतो* ती दिशा, दक्षिण-नैर्ऋत्य. बऱ्याच ॲपवर बाण मात्र तो *जातो* तिकडे टोक करून असतो. वाऱ्याचंही तसंच. इथे गफलत झाली की ऑफशोअर (जमिनीकडून) आणि ऑनशोअर (समुद्राकडून) वारे उलटे वाचले जातात.

खरा आकडा १४ सेकंद. दोन लाटांमधला हा वेळ, म्हणजे पीरियड, जितका जास्त, तितकी लाट लांबून आलेली आणि खोलवर ताकद असलेली. १४ सेकंदांच्या लाटेची खोल समुद्रातली लांबी सुमारे ३०६ मीटर, आणि दीडशे मीटर खोलीपासूनच तिला तळ लागायला लागतो. ७ सेकंदांची लाट ७६ मीटरची, तिला ३८ मीटरवर तळ लागतो. उंची सारखी असली तरी १४ वालीत ताकद दुप्पट. किनाऱ्याशी ती उंचावतेही जास्त. १४ सेकंदांचा स्वेल ताशी सुमारे ३९ किमीने सरकतो, म्हणजे ५,५०० किमीवरच्या वादळातून निघाला तर पोचायला साधारण ६ दिवस. म्हणून स्वेलचा अंदाज ५-६ दिवस आधी बऱ्यापैकी पक्का असतो, वाऱ्याचा मात्र दोनच दिवस धरा.

तुमच्यासाठी: वेलिगामाला ०.८ ते १.२ मी, १० ते १३ से, वारा ताशी १० किमीच्या आत. पीरियड १६ च्या वर गेला तर ०.९ मीटरलाही सेट (एकामागोमाग येणाऱ्या मोठ्या लाटा) अंगावर येतात.

खाडीकाठ
वरच्यांशी सहमत, पण दिवाळी म्हणजे वेलिगामाचा भर हंगाम नव्हे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन मोसमांमधला काळ. वारा कुठूनही, दुपारनंतर गडगडाटी पाऊस. जोरदार पाऊस झाला की पोलवत्ता नदीचं गढूळ पाणी उपसागरात उतरतं, तेव्हा एक दिवस थांबा. तरी वाळूचा तळ आणि आडोसा यामुळे शिकायला हीच जागा.

पहाटे वेळ साधा. मतलई वारा चालू असतो तेव्हा पाणी तेलासारखं गुळगुळीत असतं. साधारण साडेनऊ-दहाला दूरवर गडद पट्टा दिसतो, मग पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या. खारे वारे सुरू झाले असं समजा, अर्ध्या तासात बाहेर या.

मे महिनाच मिळाला तर अरुगम बे. तिथला मुख्य पॉइंट खडकाळ आणि गर्दीचा, तो सोडा. पीनट फार्म किंवा व्हिस्की पॉइंटवर जा. स्वेल बेटाला वळसा घालून येतो, त्यामुळे दक्षिण-आग्नेयेचा चांगला पोचतो आणि २०० अंशांचा बराचसा वाटेत झिजतो. ॲपवरची उंची तिथे तशीच्या तशी धरू नका.

कर्वेनगरकर
दिवाळी नक्की केली. भरती-ओहोटी कितपत पाहायची? कोकणात तर तिच्यावरच सगळं ठरतं.

खाडीकाठ
कोकणात उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं-उतरतं, वेलिगामाला जेमतेम अर्धा-पाऊण मीटर. वाळूवर तेवढ्याने फार बिघडत नाही. जवळच्या मिदिगामाच्या खडकांवर मात्र तोच अर्धा मीटर महत्त्वाचा: लाट आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते, म्हणजे मीटरभर लाट सव्वा मीटर पाण्यात. ओहोटीला खाली खडक आणि समुद्री साळू असतात. तुम्ही अजून तिकडे नको.

बोर्ड ८ फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा), लीश (पायाला बांधायची दोरी) बोर्डाच्याच लांबीची. पाणी २७-२९ अंश, बोर्डावर पाय घसरू नये म्हणून लावायचं थंड पाण्याचं वॅक्स वितळून जातं, ट्रॉपिकल घ्या. उतरण्याआधी २० मिनिटं किनाऱ्यावर बसून सेट किती वेळाने येतात ते मोजा. पहिल्या पाच मिनिटांत दिसलेली शांतता बहुतेक वेळा दोन सेटमधली असते.