मधुमेहाचं खापर वडापाववरच का?

कांदेपोहे_कांदिवली:
देशात १०.१ कोटी मधुमेही आणि उंबरठ्यावर आणखी १३.६ कोटी, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निघालं. आपण मात्र ‘आमच्याकडे आनुवंशिक आहे’ म्हणून मोकळे! दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत हो, ताट बदलतं. सकाळी चहाबरोबर बिस्किटं, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री मोबाइलवरून मागवलेले नूडल्स. बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचा: मैदा, साखर, पामतेल, मग बाकीचं.

अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी २० जणांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं. समोर मांडलेल्या दोन्ही जेवणांत साखर, मीठ, चरबी, चोथा जवळपास सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. तरी तयार अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती (२०१९). तेव्हा ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढं सांगून भागत नाही, ते अन्नच घरात यायला नको. आणि उपाय आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की उंबरठ्यावरच्या लोकांत आहार आणि व्यायामाने मधुमेहाचा धोका साधारण २८ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने २६.

लालबाग_चाळ_नं_३:
आहार ‘आणि व्यायाम’ म्हणालात ना? कसाऱ्याहून रोज परळला येणाऱ्याने चालायचं कधी, गाडीतल्या गर्दीत? संध्याकाळी सातला पोटात आग पडते तेव्हा वडापाव स्वस्त असतो आणि गरम असतो. तुमचा सॅलडचा डबा आम्हाला एका दिवसाच्या जेवणाच्या खर्चाएवढा पडतो. रेशनवर मुख्यतः तांदूळ-गहू मिळणार, आणि सल्ला मात्र बदाम खा!

डबा_ऐरोली:
😀 बदाम भिजवून, सालं काढून.

साखर_कमी:
मला दोघांचंही पटत नाही. ‘पूर्वीचं ताट चांगलं, आताचं वाईट’ ही गोष्टच अर्धी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या अंगात चरबी दडलेली असते, आणि याज्ञिकांच्या कामात त्याचा माग आईच्या पोटातल्या पोषणापर्यंत जातो. तिथे नूडल्सचा काय संबंध?

शिवाय घरचं म्हणजे काय? भात, पोळ्या, बटाट्याची भाजी, उपासाला साबुदाणा. आयसीएमआरच्याच आकड्यांत भारतीयांच्या ऊर्जेतला सुमारे ६२ टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा नाचणी-बाजरीचं पीठ घेतलं आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर धोका घटल्याचं दिसलं नाही. बाजरीच्या भाकऱ्या चार खाल्ल्या तरी त्या चारच भाकऱ्या.

कांदेपोहे_कांदिवली:
आकडे मान्य, निष्कर्ष नाही. पोटातलं पोषण आता मागे जाऊन कोण सुधारणार? ताट आज बदलता येतं. आणि घरचा भात जास्त म्हणून बिस्किटाला माफी कशी? माझी आजीही भातच खायची, पण पाणी भरायला तीन मजले चढायची. आता भात तोच, चढणं गेलं, वर कोल्ड्रिंक आलं.

माहेरवाशीण_माहीम:
घरचं ताजं खा म्हणणाऱ्यांना एकच विचारते: करायचं कोणी? पहाटे पाचला उठून चार डबे भरणारी बाईसुद्धा नंतर तीच गर्दीची गाडी पकडते. एखाद्या रात्री ती नूडल्स मागवते तर मागवू द्या. नाहीतर नवऱ्याने कुकर लावावा.

साखर_कमी:
कुकरमध्ये मटकी लावा म्हणावं. उसळ वाढवा आणि पोळी एक कमी करा, सॅलडचा खर्चही नको. लालबागवाले, मूठभर शेंगदाणे-फुटाणे बॅगेत ठेवलेत तर सातची आग निम्मी विझते, आणि तेही वडापावपेक्षा महाग नाहीत.

लालबाग_चाळ_नं_३:
फुटाणे ठीक. उसळीचं बोलू नका, आमच्या पोळीभाजी केंद्रात रोज बटाटाच असतो. विचारलं तर म्हणतो, मटकी उरते, बटाटा संपतो.