‘वर्षभर हात लागला नाही तर फेका’ : हा नियम कुणाच्या घरासाठी?

पोटमाळा

काल आपल्या ग्रुपवर ‘हलकं घर’ यांनी लिहिलं, की त्यांची बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे, भाड्याच्या जागेत जायचं म्हणून पंधरा दिवसांत त्यांनी ४२ पिशव्या सामान काढून टाकलं. नियम असा : वर्षभर ज्याला हात लागला नाही ते फेका, कपडे कामवाल्या मावशींना द्या, बाकीचं खाली कचराकुंडीजवळ ठेवा, कुणीतरी उचलतंच. त्यावर भराभर अंगठे पडले. मला राहवलं नाही म्हणून लिहितो.

‘उचलतंच’ म्हणजे कुठे जातं? देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, लोक दारं-खिडक्या लावून घरात बसले. आपण ज्याला ‘बाहेर’ म्हणतो तिथे कुणीतरी राहतं.

आणि वर्षाचा हिशेब कुणी ठरवला? मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फूट, माणसं नऊ. वडील गिरणीत. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि घरात पगार यायचा थांबला. तेव्हा माळ्यावरची पितळेची भांडी, ज्यांना आईने कित्येक वर्षं हात लावला नव्हता, एकेक करून मोडीत गेली. पाण्याचा हंडा गेला, मग परात, शेवटी लग्नातलं घंगाळ. त्यावर आमचे सात-आठ महिने निघाले. जुन्या नऊवारी साड्या आईने फाडून गोधड्या शिवायला घेतल्या आणि शेजारच्या चाळीत विकल्या. हा नियम तेव्हा आमच्या घरात असता तर आम्ही उपाशी राहिलो असतो.

आजही माझ्याकडे सागवानी पाळणा आहे. गेल्या चौदा वर्षांत तीनदाच खाली आला, पण घराण्यातली अकरा मुलं त्यात निजली आहेत. तो फेकू?

तिसरा मजला

पोटमाळा, तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण तो पाळणा चौदा वर्षं पुसतं कोण, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा मुलुंडचं वन बीएचके मी एकटीने रिकामं केलं. नवरा आणि दीर हॉलमध्ये बसून ‘हे आईचं आहे, राहू दे’ म्हणत होते. श्रीखंडाचे ६३ डबे, झाकणं वेगळी. बंद पडलेले तीन मिक्सर. १९९० च्या आसपासची लग्नपत्रिकांची थप्पी, का तर मागची बाजू कोरी आहे. दिवाणात १७ चादरी, प्लास्टिकच्या पिशव्यांतून कधी न काढलेल्या, घड्यांवर पिवळ्या पडलेल्या. आयुष्यभर त्या माउलीने विटक्या चादरीवर झोप काढली आणि नव्या पाहुण्यांसाठी ठेवल्या. पावसाळ्यात माळ्यावर बुरशी, पुस्तकांना कसर, मुलाला दमा. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, घरातलं जुनं सामान कमी करा. सासूबाईंपुढे बोलायची सोय नव्हती.

जपून ठेवण्यात माया असते हे मान्य. पण त्या मायेखाली सून दबते. ‘हलकं घर’ यांचं सगळं पटत नसलं तरी त्यांनी निदान हात तरी घातला.

सुईदोरा

दोघांचंही वाचलं. फेकणं आणि साठवणं यांच्यामध्ये एक मोठा रस्ता आहे आणि आपण तो विसरत चाललोय.

कपड्यांसाठी बोहारीण आहे. आमच्या गोरेगावच्या गल्लीत अजून येते, डोक्यावर टोपांची पाटी. ती घडी उलगडून बघते, काठ तपासते, चेन ओढून बघते, मग भाव करते. तिच्याकडून गेलेली पँट दुरुस्त होऊन, इस्त्री होऊन परत बाजारात येते. आता माझी तक्रार ऐका. आपल्या बायका तिला फसवतात. फाटकी साडी मधल्या घडीत दडवतात, एका टोपासाठी पाऊण तास घासाघीस करतात, आणि ती गेल्यावर ‘कसा काढला टोप’ म्हणून शेजारणीला सांगतात. तीच बाई मॉलमध्ये छापील किंमत निमूट देते. बोहारणी कमी का झाल्या याचं एक कारण आपण आहोत.

गोधडीला नरम सुती साड्याच लागतात, वरून-खालून एकेक आणि मध्ये जुनी धोतरं, परकर. धावदोरा कडेकडेने घालत आत यायचं. सिंथेटिक साडी घालू नका, गोळा होते. जुन्या खऱ्या जरीचे काठ फेकू नका, जर विकत घेणारे आहेत, त्यात चांदी असते. कापसाची गादी पिंजून परत भरता येते. फोमची मात्र भंगारवालाही नेत नाही, आणि मग ती नाल्यात जाते. नालेसफाईच्या वेळी गाद्या, सोफे निघतात ते आपलेच.

जुने अंक

विषय निघालाच आहे तर बोलतो. माझ्याकडे १९७४ पासूनचे दिवाळी अंक आहेत, सलग. वडिलांनी घ्यायला सुरुवात केली, मी पुढे नेली. एका वाचनालयात फोन केला, म्हणाले जागा नाही. दुसऱ्यांनी यादी मागितली, मी तीन रविवार बसून यादी केली, उत्तर नाही. शेवटी रद्दीवाला आला आणि तराजू बाहेर काढला. मला ते बघवलं नाही, त्याला चहा देऊन परत पाठवलं. मराठी भाषेच्या नावाने एवढे सोहळे होतात, पण पन्नास वर्षांचे अंक ठेवायला एक कपाट मिळत नाही. फेका म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, हे कुठे ठेवू?

तिसरा मजला

काका, वाईट वाटलं. पण तुमच्या घरच्यांना विचारा, त्यांना त्या अंकांच्या शेजारून आडवं चालायला लागतं का. आमच्याकडे लागत होतं.

विक्रोळीची लेक

इतका वेळ नुसतं वाचत होते. एका वाक्यावर कुणीच थांबलं नाही, म्हणून लिहिते. ‘कपडे कामवाल्या मावशींना द्या.’

त्या मावशी माझी आई होती. पवईला पाच घरची कामं, २२ वर्षं. दर दिवाळीआधी प्रत्येक घरची साफसफाई आणि प्रत्येक घरून एक बोचकं. आई ‘नको’ म्हणू शकत नव्हती, कारण नको म्हटलं की बाईंचा चेहरा बदलायचा. तिने उसवलेल्या उशा आणल्या, चाक नसलेली बॅग आणली, एकदा तर बंद पडलेला जुना डबा टीव्ही रिक्षाचे पैसे स्वतःच्या पदरचे घालून आणला. त्या पैशांत आठवड्याची भाजी आली असती. आमची खोली दहा बाय दहा. त्या पाच घरांचं सगळं आमच्या खोलीत साठत गेलं आणि मी दहावीचा अभ्यास दाराबाहेर, बादलीवर पाट टाकून केला.

तुमचं घर हलकं झालं ते आमच्या घरात येऊन पडलं. याला दान म्हणू नका.

आणि एका वर्षी एका घरी बोनसच्या ऐवजी साडी मिळाली, कडेला जळालेली. आई काही बोलली नाही. इस्त्रीचा डाग आतल्या निऱ्यांत जाईल अशी ती नेसली आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरी कामाला गेली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आज चाळिशीत आहे, तरी तो डाग डोळ्यांपुढून जात नाही.

हलकं घर

माझ्यावर सगळे तुटून पडलात. मी कुणाचा अपमान केलेला नाही. आमच्या मावशी दहा वर्षं आमच्याकडे आहेत, घरच्यासारख्या. मी धुऊन, इस्त्री करून कपडे दिले, त्या आनंदाने घेऊन गेल्या. आता गरजूला देणंही गुन्हा झाला का? मग सगळं देवनारलाच जाऊ दे, निदान कुणाच्या भावना तरी दुखावणार नाहीत. रिकाम्या घरात शेवटची तारीख डोक्यावर घेऊन मी एकटी उभी होते, मदतीला कुणी आलं नव्हतं, तुमच्यापैकीही कुणी नाही.

विक्रोळीची लेक

धुऊन, इस्त्री करून दिलेत तर चांगलं केलंत, मनापासून म्हणते. पण एक सांगा, देण्याआधी विचारलं होतंत? ‘यातलं तुम्हाला काय हवं, बाकीचं मी बोहारणीला देईन’ असं? आणि यंदाचा बोनस वेगळा दिलात? घरच्यासारख्या म्हणता, तर घरच्या माणसाला आपण विचारून देतो. आनंदाने नेलं म्हणता. माझी आईसुद्धा सगळं हसतच न्यायची.

नाईट शिफ्ट

ताई बरोबर बोलतायत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पूर आला तेव्हा आम्ही मित्र टेम्पो घेऊन गेलो होतो. माझ्या टेम्पोत मीच गोळा केलेले कपडे होते. गावाच्या तोंडाशी आमच्या आधी आलेल्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात पडले होते : लग्नातले घागरे, फाटके स्वेटर, एका पायाचे बूट. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, ‘बाळा, केरसुणी आणलीस का? घरात गुडघाभर गाळ आहे.’ माझ्याकडे केरसुणी नव्हती. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही जुन्या कपड्यांचे असेच ढीग रस्त्यावर पडले होते. ‘गूंज’सारखी संस्था कपडे निवडते, वेगळे करते, ज्यांचा कपडा म्हणून उपयोग नाही त्या सुती कापडाचे पॅड शिवते. निवडणं हेच खरं काम आहे, आणि ते आपण दुसऱ्यावर ढकलतो.

पोटमाळा

मी सकाळी सुरुवात केली तेव्हा देवनारबद्दल बोलायचं होतं. विक्रोळीच्या ताईंनी जे लिहिलं ते मला सुचलंच नव्हतं, हे कबूल करतो. आम्ही गरिबीत सामान जपलं ते आमच्या मर्जीने. तुमच्यावर ते लादलं गेलं, त्यात फरक आहे.

तिसरा मजला, तुमचा प्रश्न टाळला नाही. पाळणा बायको पुसते. दुपारी विचारलं, तर म्हणाली दरवर्षी गणपतीआधी शिडीवर चढून पुसते आणि गेली दोन वर्षं तिचा गुडघा दुखतोय. मला माहीत नव्हतं. पाळणा फेकणार नाही, त्यावर मी ठाम आहे. पण यंदा मी चढेन.

तिसरा मजला

चढा. आणि पुढचं बाळ कुणाचं येतंय ते बघत बसण्यापेक्षा चाळीत कुणाकडे आत्ता बाळ आहे का ते बघा. पाळणा वापरात राहील, लाकडालाही बरं.

हलकं घर

बोनस दिला होता, ताई. पण आधी विचारलं नव्हतं. सगळ्या पिशव्या एकदम दाराशी ठेवल्या होत्या, त्यातून त्यांनी काय ठेवलं आणि काय नाइलाजाने नेलं, मला माहीत नाही.

४२ पैकी १९ पिशव्या अजून खाली जिन्यात आहेत. वॉचमन रोज विचारतोय.

तिसरा मजला

जिन्यातून आधी हलवा. आमच्या विंगमध्ये मीटरबॉक्सला आग लागली तेव्हा जिन्यातल्या सामानापायी वरच्या मजल्यावरच्या आजींना खाली आणायला वेळ गेला होता.

सुईदोरा

रविवारी मी मोकळी आहे. कुठे राहता तेवढं कळवा. सुती वेगळं, सिंथेटिक वेगळं, तारा आणि चार्जर वेगळे, एवढं दोघींनी केलं तर दोन तासांचं काम. फोमची गादी असेल तर तिची खोळ काढून ठेवा, चांगला भाग बसकणांसाठी कापू.

हलकं घर

गादी आहे. डबल बेडची. लालबागला राहते. या.