खरं सिचुआन जेवण घरी करायचंय, आधी काय आणू?

हळदीचं_पान:
मंडळी, मंचुरियन, हक्का नूडल्स, शेजवान राइस सगळं घरी करून झालं. आता मापो टोफू आणि ती आंबट-गोड-तिखट वांगी सिचुआनच्या राजधानीत, छंगडूत करतात तशी करून बघायची आहेत. ऑनलाइन दुकानातल्या बाटल्या बघून डोकं गरगरलं. हजार-बाराशेत काय काय येईल? सासूबाई शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. आणि घरात मालवणची तिरफळं आहेत, ती सिचुआन मिरीऐवजी चालतील का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भटका_तवा:
शेजवान चटणी आधी बाजूला ठेवा. लसूण-मिरची-व्हिनेगरचं ते आपलं देशी प्रकरण आहे, चविष्ट आहे, पण सिचुआनशी नातं नावापुरतंच.

निम्मे पैसे दोबानज्यांगवर घाला. फावा बीन्स, लाल मिरची, मीठ आणि गव्हाचं पीठ आंबवून केलेली ही पेस्ट. छंगडूजवळच्या पिशिएनची सगळ्यात नावाजलेली, उन्हात मुरवत ठेवलेली, गडद तपकिरी. पाकिटावर पिशिएन असेल तर डोळे झाकून घ्या. हाँगकाँगच्या ली कुम कीची बाटली सहज मिळते, पण ती सौम्य आहे.

वापरताना गॅस मंद. तेलात परतत राहायचं, तेल लालभडक होऊन सुटेपर्यंत. इथे घाई केलीत तर पुढे काहीही घाला, चव कच्चीच राहते. मीठ शेवटी चाखूनच घाला, पेस्ट चांगलीच खारट असते.

बांगडा_प्रेमी:
तिरफळाबद्दल मी सांगतो, आमच्याकडे त्याच्याशिवाय बांगड्याचं सार होत नाही. दोन्ही एकाच कुळातली झाडं (झँथॉक्सिलम), दोन्हींचं बी काढून टाकायचं, कामाचं ते फक्त टरफल. जिभेला मुंग्या दोन्ही आणतात. पण तिरफळ जास्त उग्र, आपण ते ठेचून रश्शात सोडतो आणि जेवताना बाजूला काढतो. सिचुआन मिरी कोरडी भाजून, कुटून वरून भुरभुरवतात. अडीनडीला थोडं तिरफळ चालेल, चव मात्र कोकणाकडे झुकेल.

भटका_तवा:
नाही पटलं. मापो टोफूत शेवटी वास येतो तो मिरीचाच, तिथे तडजोड नको. पन्नास ग्रॅमचं पाकीट आणा, काळं बी दिसलं तर निवडून टाका, करकरतं.

बांगडा_प्रेमी:
मी अडीनडीला म्हटलं होतं हो 🙂

चहाबाज:
शाकाहाराबद्दल थोडं. मापो टोफूत मुळात बीफचा खिमा असतो. १८६२ च्या सुमारास छंगडूत चेन नावाच्या बाईंच्या खानावळीत हा पदार्थ सुरू झाल्याचं सांगतात. खिम्याऐवजी शिताके मशरूम भिजवून बारीक चिरा, भिजवलेलं पाणीही टाकू नका. ऑइस्टर सॉस मात्र शिंपल्यांचा, सासूबाईंच्या ताटात नको.

सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण सोडत असतील तर त्याचीही सोय आहे. चिनी बौद्ध मठांच्या जेवणात कांदा-लसणाच्या जातीचं काहीच घालत नाहीत. छंगडूच्या वनशू मठात तसं शाकाहारी उपाहारगृह आहे. आलं, दोबानज्यांग आणि दोउची (आंबवलेले काळे सोयाबीन) एवढ्यावर छान निभावतं.

हळदीचं_पान:
वा! वांग्यांना काय लागेल? सोया सॉस कुठला?

चहाबाज:
फिका सोया सॉस, तो चवीला. गडद फक्त रंगाला, आत्ता नको. वांग्यांच्या त्या चवीला युशिआंग म्हणतात, म्हणजे 'माशाच्या वासाची', पण पदार्थात मासा नसतो. लोणच्यातल्या लाल मिरच्या, आलं, लसूण, पातीचा कांदा, साखर आणि काळं व्हिनेगर. मिरच्या न मिळाल्यास दोबानज्यांगच घाला, घरोघरी तसंही करतात. काळं व्हिनेगर चीनमधल्या चनज्यांग शहराचं, चिकट तांदळापासून केलेलं. साधं पांढरं व्हिनेगर घातलंत तर नुसता आंबटपणा येईल.

भटका_तवा:
टोफू मऊच घ्या आणि चौकोनी तुकडे मिठाच्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, मग फुटत नाहीत. कॉर्नफ्लोअरचं पाणी एकदम ओतू नका, दोन-तीन वेळा थोडं थोडं. ढवळायचं नाही, कढईच हलवायची. सोबत साधा भात, फ्राइड राइस नको. आणि सगळे पदार्थ एकदमच मध्ये ठेवा, तिकडे तसंच वाटून खातात. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका, मृतांसाठी लावलेल्या उदबत्तीसारख्या दिसतात म्हणून तिथे अशुभ मानतात.

हळदीचं_पान:
दोबानज्यांग, सिचुआन मिरी, फिका सोया, काळं व्हिनेगर ऑर्डर केलं. दोउची बजेटच्या बाहेर गेली. दोबानज्यांग उघडल्यावर किती टिकते?

चहाबाज:
फ्रिजात, कोरडा चमचा, वर तेलाचा थर. कित्येक महिने काही होत नाही.