दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने ठोकरले, भरपाईसाठी वकील सुचवा (सातारा जिल्हा)

निशिगंध: कऱ्हाडजवळ महामार्गावर माझ्या नवऱ्याच्या दुचाकीला चारचाकीने मागून ठोकर दिली. चालक प्यायलेला होता, रक्ताचा नमुना घेतलाय, एफआयआर झालाय. यांच्या मांडीत रॉड आहे. वेल्डिंगचं काम, पण आता उभं राहवत नाही. समोरचे दीड लाख रोख घेऊन मिटवा म्हणताहेत. वकिलासाठी २० हजारांच्या वर जमणार नाही.

बुलेटराजा: दीड लाखात सही करू नका! माझ्या मेव्हण्याने पुण्याचा नावाजलेला वकील केला, फी ७५ हजार, पण नऊ लाख मिळाले. पुण्याचाच करा.

कोयनाकाठ: अहो, त्या २० हजार म्हणताहेत. आणि पुणे कशाला? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा राहत्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो.

तात्या_वाईकर: चालक प्यायलेला असला की इन्शुरन्सवाले हात वर करतात. आमच्या एजंटानेच सांगितलं होतं. मिळतंय ते घ्या.

कोयनाकाठ: तात्या, कंपनी वाद घालते हे खरं. पण अशा दाव्यांत न्यायाधिकरणं बहुधा जखमीला आधी कंपनीकडून पैसे द्यायला लावतात आणि कंपनीला ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतात. त्या चारचाकीचा थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) होता ना, ते आधी बघा.

सह्याद्री७: हेल्मेट होतं का?

बुलेटराजा: मोडली मांडी, हेल्मेटचं काय विचारताय!

सह्याद्री७: समोरचा वकील विचारणारच, म्हणून म्हटलं.

मेधा_कु: माझ्या भावाच्या वेळी बिलांच्या झेरॉक्स दिल्या आणि मूळ बिलांसाठी वर्षभर रखडलो. एमएलसीचा (अपघाताची पोलिसांसाठी दवाखान्यात होते ती नोंद) कागद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, फिजिओच्या पावत्या एका फाइलीत ठेवा. अपंगत्वाचा दाखला सिव्हिलमधून घ्या. दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार वि. अजयकुमार निकालात तेच म्हटलंय. वेल्डरला उभं राहता येत नसेल तर धंदाच बसतो. दुकानमालकाकडून पगाराचं पत्र आजच घ्या.

बुलेटराजा: मीही तेच सांगणार होतो, कागद जपा. वकील मात्र पुण्याचाच. २०-२५ टक्क्यांवरही घेतात, आधी पैसे लागत नाहीत.

कोयनाकाठ: निकालावर टक्केवारी घेणं बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमांत बसत नाही. भरपाई यांच्या औषधाला लागणार आहे, त्यातला चौथा हिस्सा का सोडायचा? आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज टाका. २०२२ पासून ती मुदत कायद्यात आहे.

तात्या_वाईकर: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो म्हणे. पण तो तारखेला फिरकत नाही, त्या भानगडीत पडू नका.

मेधा_कु: हो, फुकटचा नकोच.

निशिगंध: सगळ्यांचे आभार. दीड लाखांना नकार कळवला. प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आले. उत्पन्नाचा दाखला घेऊन सोमवारी बोलावलंय, तिथलाच वकील घेणार. तारखेला मी स्वतः हजर राहीन. २० हजार फिजिओला लागतील. मेधाताई, पगाराच्या पत्रावर दुकानाचा शिक्का लागतो का?

मेधा_कु: शिक्का, सही, तारीख, तिन्ही घ्या. पगार बँकेत येत असेल तर पासबुकही जोडा.