तमिळ हरिकथेत साकी? तंजावरकडचं कुणी आहे का इथे?

वैशाली_सातारा

नमस्कार मंडळी. मी नारदीय कीर्तन शिकते आहे. पूर्वरंग बरा जमतो, उत्तररंगात आख्यान ओढून नेताना अजून दमछाक होते. आमच्या बाई म्हणाल्या, दुसऱ्यांची कीर्तनं ऐक, नुसती माझी नक्कल करू नकोस. म्हणून यूट्यूबवर भटकत होते, तर एका तमिळ हरिकथेवर (आपल्या कीर्तनाचंच तिकडचं रूप) जाऊन आदळले. आख्यान रुक्मिणी स्वयंवराचं असावं, कारण मला समजणारे शब्द म्हणजे रुक्मिणी, शिशुपाल आणि द्वारका एवढेच. हातात चिपळ्या, बाजूला मृदंग, पेटी, मागे ध्रुपद उचलून धरणारा साथीदार. इथपर्यंत ठीक आहे, सगळीकडे असतं. पण रुक्मिणी पत्र लिहायला बसते तिथे बुवा थांबले, डोळे मिटले आणि चक्क साकी, म्हणजे आपल्या कीर्तनातला तो मराठी पद्याचा साचा, म्हणायला लागले! तीच ठेवण, सोळा मात्रांवर टेकून पुढच्या बारा मात्रांत खाली येणारी. शब्द नीट लागेनात, पण मराठीच वाटले. लगेच पुढे तमिळ सुरू.

तर, एक म्हणजे ही खरंच साकी आहे की सध्या मला झोपेतही साक्या ऐकू येतात म्हणून झालेला भास? दुसरं, तिकडे गेली कशी? आणि डिसेंबरात आम्ही तंजावरला चाललोय. ह्यांना राजवाडा बघायचाय, मला हे समोर बसून ऐकायचंय. कुठे ऐकायला मिळेल?

पुणेरी_मिसळ

भास कसला ताई, तंजावर आपलंच! शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तिथं गादी स्थापली, ती १८५५ पर्यंत चालली. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, तो बघाच. राजवाडा, देऊळ, सरस्वती महाल ग्रंथालय, एका दिवसात सगळं उरकतं. सांबारसुद्धा आपलंच, संभाजीराजांच्या नावावरून. बाकी कीर्तनाचं ठाऊक नाही.

कावेरीकाठचा

वैशालीताई, तुमचे कान शाबूत आहेत. साकीच आहे ती. मिसळराव, सांबाराची गोष्ट कृपा करून काढू नका. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पानावर बसता बसता तीच सांगतो, पुरावा कुणी आणत नाही.

माझं घर मूळचं कुंभकोणमचं, आता मुक्काम चेन्नई. आम्ही घरात मराठीच बोलतो, पण ती ऐकलीत तर तुम्हाला हसू येईल. इथं लिहितोय ती पुस्तकांतून आणि नागपूरच्या नोकरीत कमावलेली. माझे थोरले काका भागवतरांना पेटीची साथ करत. आमच्याकडे कथा सांगणाऱ्याला बुवा नाही, भागवतर म्हणतात. रामनवमीच्या उत्सवात देवळापुढे मांडव पडला की काका रोज रात्री तिकडे, आणि आम्ही पोरं त्यांच्या पेटीमागे.

आता गेली कशी ते. लोकांना वाटतं की राजे आले आणि येताना कीर्तन घेऊन आले. थोडं खरं आहे. समर्थांचे शिष्य सतराव्या शतकातच इकडे आले, तंजावर आणि मन्नारगुडी भागात रामदासी मठ झाले, तिथं कीर्तन होत असणारच. तंजावरचे मेरुस्वामी तर पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले. त्यांचं कीर्तन ऐकून महाराजांनी कुचेलोपाख्यान आणि अजामिलोपाख्यान अशी दोन आख्यानं स्वतः रचली. म्हणजे मराठी कीर्तनाचा साचा केरळपर्यंत पोचला होता.

पण तुम्ही ऐकलीत ती हरिकथा घडली त्यानंतर, आणि हीच मला सगळ्यात नवलाची गोष्ट वाटते. तंजावरचे दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले, मुलगा नव्हता, इंग्रजांनी गादीच संपवली. दरबार गेला, आश्रय गेला. आणि मग १८६४ च्या सुमारास मोरगावकर बुवा नावाचे एक मराठी कीर्तनकार चातुर्मासासाठी तंजावरला येऊन राहिले. रोज कीर्तन. ऐकायला गावातले कर्नाटक संगीतातले दर्दी, आणि त्यांच्यात एक तरुण पोरगा, तोच पुढचा तंजावर कृष्ण भागवतर. त्यानं मराठी कीर्तनाची बांधणी उचलली, तिच्यात त्यागराजांच्या कृती (रचना) आणि इकडचे राग भरले, कथा तमिळमध्ये सांगितली. पण साकी, दिंडी, ओवी, अभंग, कटाव हे सगळे पद्यांचे साचे त्यानं मोडले नाहीत. आजही भागवतर पुढच्या पिढीला ‘इथे दिंडी टाक’ असंच शिकवतात. कथा पुढे न्यायची तर साकी, रडवायचं तर दिंडी, वरात किंवा लढाई आली की कटाव. तुमच्या बाईही हेच शिकवत असतील.

तेव्हा राज्य होतं म्हणून कला टिकली, हे म्हणणं पुरं पडत नाही. इथं तर तिला बहर आला राज्य बुडाल्यावर.

शब्द का लागले नाहीत, तेही सांगतो. काकांची एक वही माझ्याकडे आहे, निळ्या शाईतली, कडा वाळवीनं खाल्लेली. सगळी मराठी पदं तमिळ लिपीत. आता तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर. ट, त, प यांच्या वर्गांतही तसंच. मग काकांनी अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे घातलेत. ‘प’ वर ३ म्हणजे ब, ४ म्हणजे भ. इकडची छापील स्तोत्रंही अशीच असतात. ‘भीमकी’ (भीमकाची मुलगी, म्हणजे रुक्मिणी) हा शब्द म्हणजे पी, वर चार, मग मकी. काका मराठी होते म्हणून त्यांना आकड्यांची गरज नव्हती. ते आकडे तमिळ शिष्यांसाठी. शिष्याच्या शिष्यानं उतरवून घेताना आकडे गळतात. मग भीमकीची पीमकी होते, आणि साताऱ्याच्या ताईंना वाटतं, मराठी आहे की नाही! मांडवातल्या बहुतेकांना तर एक शब्द कळत नाही. माना मात्र बरोबर समेवर डोलतात.

तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. सरस्वती बाई हरिकथा करायला उभ्या राहिल्या तेव्हा पुरुष भागवतरांनी मोठा विरोध केला, बाईनं व्यासपीठावर कथा सांगायची म्हणजे काय म्हणून. त्या पुरून उरल्या. गावोगावी त्यांच्या कथेला गर्दी लोटायची. तुम्ही जरूर वाचा त्यांच्याबद्दल.

ऐकायचं कुठे? तंजावरात डिसेंबरला हमखास सापडेल असं नाही. चेन्नईत मार्गळी महिन्याचा संगीत हंगाम असतो, तेव्हा काही सभा (म्हणजे संगीत संस्था) हरिकथेलाही वेळ देतात. सकाळची किंवा दुपारची, गर्दी नसलेली वेळ असते, तीच बघा. कुंभकोणम भागात कुठे राधाकल्याण (राधाकृष्णाच्या लग्नाचा उत्सव) असेल तर चुकवू नका. ते भजन संप्रदायाचं; त्यात जयदेवांच्या अष्टपदी असतात, आणि अभंगही कानावर येतील. कुंभकोणमजवळ गोविंदपुरमला विठ्ठलाचं मोठं नवं देऊळ आहे, ह्यांना तेही दाखवा. राजवाड्याचं म्हणाल तर त्याची सुरुवात आधीच्या नायक राजांची, आपण वाढवला.

मोडी_वाचक

कावेरीकाठचे, सुंदर लिहिलंत, पण माझं जरा वेगळं मत आहे. कलेमुळे इतिहास जिवंत राहतो असं म्हणायला गोड वाटतं. तुमच्या मांडवातल्या डोलणाऱ्या माणसांना सरफोजी कोण हे विचारा. चाल राहिली, इतिहास कुठे राहिला? तंजावरच्या दरबारात कोणत्या नर्तकीला, कोणत्या वादकाला काय दिलं, ते कळतं मोडी कागदांतून. आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

उलट उदाहरण देतो. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं. कुरवंजी म्हणजे तमिळ मुलखातली भविष्य सांगणारी भटकी बाई, तिच्यावरून या नाट्यप्रकाराचं नाव. तर या राजानं त्या बाईच्या तोंडी काय घातलं असेल? जगाचा भूगोल! खंडं, देश, समुद्र, सगळं गाण्यांतून. युरोपीय विद्या देशी नाचगाण्यातून शिकवायचा हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे. आज त्याचा प्रयोग कोण करतं? मी तरी पाहिलेला नाही. ते वाचलं ते पोथीमुळे. म्हणजे इतिहास सांभाळला ग्रंथालयानं, गळ्यानं नव्हे.

आणि दुसरं. मठ, दरबार, भागवतर, हे सगळं वरच्या जातींचं वर्तुळ झालं. तंजावरला मराठे सैनिक गेले, कारागीर गेले, त्यांच्या आठवणी कुठे आहेत?

कावेरीकाठचा

मोडी_वाचक, कुरवंजीचं उदाहरण चोख आहे, मान्य. कागद नसता तर त्या नाटकाचं नावही उरलं नसतं. पण मोरगावकर बुवांनी रोज काय गायलं, कुठे श्वास घेतला, हे तुम्हाला मोडी कागदांच्या कोणत्या रुमालात सापडणार? ते फक्त गळ्यातून गळ्यात येतं. शिलालेखाचं बघा. मी कितीदा त्या देवळात गेलोय. लोक त्या भिंतीला टेकून प्रसाद खातात, दगडी मराठी कुणी वाचत नाही. आमच्या घरातल्या पोरांनाही ती वाचता येत नाही. त्याच पोरांना साकीची चाल येते, कारण रामनवमीला कानावर पडते. राजांची नावं गेली, तुकोबा-नामदेव राहिले. मला ह्याचं फारसं वाईट वाटत नाही, खरं सांगायचं तर. शिवाय हल्ली कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटाकडे अभंगाची फर्माईश येते, अरुणा साईराम यांनी ते फार लोकप्रिय केलं. फर्माईश करणारे तमिळच असतात.

जातींचं तुम्ही बरोबर बोललात, आणि माझ्याच्यानं ते राहून गेलं कारण माझं घर त्याच वर्तुळातलं. पण एक धागा देतो, तुम्ही ओढून बघा. तमिळनाडूच्या दक्षिणेकडे, नागरकोविल वगैरे भागात, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारी मंडिकर घराणी आहेत. तोलपावैकूत्तु म्हणतात त्या खेळाला. पांढरा पडदा, मागे दिवा, आणि बाहुल्यांच्या सावल्यांतून तमिळमध्ये रामायण. ह्या लोकांच्या घरात मराठीची एक बोली बोलतात. आपले पूर्वज तंजावरच्या मराठ्यांच्या काळात आले असं ते सांगतात. त्यांना ना दरबाराचा कागद, ना मठ. मी हा खेळ एका देवळाच्या जत्रेत पाहिला. संपल्यावर म्हातारा कलाकार बाहुल्या गुंडाळताना नातवावर खेकसला, ते थेट मराठीत. ‘हळू धर’ एवढंच कळलं मला, पुढचं नाही, त्यांची बोली आमच्याहून निराळी आहे. आमच्यासारख्यांनी त्यांची चौकशी कधी केली नाही, हा दोष आमचा. तुम्ही मोडीवाले तरी करा.

पुणेरी_मिसळ

सांबार मागे घेतो. बाकी एका दिवसात उरकतं हेही मागे.

वैशाली_सातारा

अगं बाई, मी तीन ओळींचा प्रश्न विचारला होता! सगळ्यांचे आभार. बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, दिंडी म्हणताना आपण जिथे थांबतो तिथे तमिळ भागवतर थांबतात का ते नीट ऐकून ये, कारण आपल्याकडेही ती चाल आता पेटीच्या सोयीनं बदलत चालली आहे. ते मला महत्त्वाचं वाटलं.

कावेरीकाठचे काका (काका म्हटलं तर चालेल ना?), तिकिटं बदलून आम्ही चेन्नईला तीन दिवस राहतोय. काकांच्या वहीतल्या रुक्मिणी स्वयंवराच्या पानांचे फोटो मिळतील का? तमिळ लिपी मला येत नाही, पण आकड्यांचा हिशोब तुम्ही सांगितलाय, तर अक्षरं शिकून घेते.

कावेरीकाठचा

काका चालेल. फोटो नको, वहीच दाखवतो, घरी या. आंबट भाजी आणि डांगर पचडीचं जेवण आमच्याकडे. मात्र एक करा, तुमची रुक्मिणीची साकी आधी रेकॉर्ड करून पाठवा. वहीत रुक्मिणीच्या पत्राच्या जागी दोन साक्या आहेत, त्यातल्या दुसरीचे आकडे निम्मे पुसलेत आणि मला तिसरी ओळ लागत नाही. तुमच्याकडे तीच असली तर माझं काम होईल.